कळवायला येणारा माणूस

"आदी बसा."

कुणाच्याही दारात गेलं की चाचाचं पहिलं वाक्य हेच. आणि ते म्हणेपर्यंत तो स्वतः बसलेला असायचा. खांद्यावरचा पंचा झटकायचा, भुईवर टाकायचा, त्यावर मांडी घालायचा आणि मग मान वर करून म्हणायचा, "आदी बसा, मग बोलू." आलेला माणूस खाली आणि घरचा माणूस उभा, हे आपल्याकडं कुणालाच सोसत नाही. कुरकुरत का होईना, समोरचा टेकायचाच. तो टेकला की चाचा पाणी मागायचा, आणि पाणी पिऊन झालं की सांगायचा.

सांगायचं ते बहुतेक एकच असायचं. तुमच्या घरातल्या अमक्याला कॅन्सर निघालाय, तपासणी करून तुम्ही गेलात ते परत आला नाहीत, आता चला.

सांगलीच्या ज्या धर्मादाय दवाखान्यात मी उभा जन्म सिस्टर म्हणून काढला, तिथं चाचा शिपाई होता. कागदावर शिपाई. खरं काम हरवलेली माणसं शोधायचं. गाठीचा किंवा जखमेचा तुकडा काढून आम्ही तपासायला पाठवायचो, आठ दिवसांनी या म्हणायचो, आणि निम्मी माणसं यायचीच नाहीत. कुणाची ऊसतोड, कुणाच्या घरी लगीन, कुणाला नुसतीच भीती. मग चाचा एसटीत बसायचा. खाली जतपासून वर शिरवळपर्यंत आणि तिकडं कोयनानगरच्या वळणावळणाच्या रस्त्यानं धरणाच्या वसाहतीपर्यंत, त्याला माहीत नाही असं गाव नव्हतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. ऑफिसच्या फोटोत तो कडेला उभा असतो, तोंड अर्धं कापलेलं असतं. जरा नीट बघा.

वयानं तो माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. पण विशीतच एका पेशंटच्या पोरीनं त्याला चाचा म्हटलं आणि ते चिकटलं. मेट्रन चाचा म्हणायची, ट्रस्टी चाचा म्हणायचे, माझ्या लग्नात भटजीबुवासुद्धा "चाचा, जरा ती समई सरकवा" म्हणाले. नाव हजेरीपुस्तकात होतं. इथं मी ते लिहीत नाही. त्याला आवडायचं नाही.

आता माझ्या तरुणपणाची थोडी अब्रू काढते. कुणीतरी काढायलाच हवी, आणि माझ्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नाही. बावीस वर्षांची होते. डोक्यावर खळ घातलेली पांढरी टोपी. ती टोपी घालून मी व्हरांड्यातून निघाले की मला वाटायचं, दवाखाना भिंतींवर नाही, ह्या टोपीवर उभा आहे. इंग्रजी चार शब्द यायचे, ते मी चाळीस असल्यासारखे वापरायची.

एकदा तासगावकडची एक बाई व्हरांड्यात उभी होती. खांद्याला पिशवी, हातात एसटीचे सुट्टे पैसे. मी कागद वर धरला आणि पोस्टमन नाव पुकारतो तसं सांगून टाकलं, "मावशी, तुमच्या रिपोर्टात कॅन्सर निघालाय. सोमवारी भरती व्हायचं." ती म्हणाली, "बरं." मी वहीत खूण केली आणि पुढच्या नावाकडं वळले.

सोमवारी ती आली नाही. त्यानंतरच्याही आली नाही. तीन महिन्यांनी चाचा तिला घेऊन आला आणि मला बाजूला बोलावून हळूच म्हणाला, "सिस्टर, तुमी सांगितलंसा खरं. पन ती बाई ऐकायला तितं हुती कुठं? पिशवी खांद्याला हुती. उभा माणूस निम्मा घराकडं गेलेला असतोय."

शिपायानं मला शिकवायचं! मी तडक मेट्रनकडं तक्रार घेऊन गेले. मेट्रननं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची पुढं केली आणि म्हणाली, "बस." बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की आता आपल्याला काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. तोपर्यंत उशीर झाला होता. मी बसले होते.

ती तासगावची बाई पुढं किती जगली ते सांगत नाही. जगली असती त्याहून कमी जगली, एवढं नक्की. त्या दिवसापासून मीही माणसाला बसवून सांगायला लागले. टोपी मात्र आणखी दोन वर्षं तशीच ताठ होती.

चाचाचे वडील गाद्या भरायचे. कापूस पिंजायचं घराणं. ते ह्याच्या बोटात उरलं होतं. आजार सांगून झाला, रडारड झाली, की उठताना तो पेशंटची गादी चाचपायचा. "कापूस पार दबलाय ह्येचा. पिंजून घ्या. आता पडून ऱ्हावं लागंल, पाठीला गुठळ्या टोचत्याल." कॅन्सर ऐकून सुन्न झालेल्या घरात एकदम गादीचं बोलणं सुरू व्हायचं. पिंजारी कुठं मिळेल, कापूस किती लागेल. त्या घराला तेवढ्यापुरतं हाताला काम मिळायचं. हे तो मुद्दाम करायचा की सवयीनं, मी चाळीस वर्षांत विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, "गुठळ्या असत्यातच की वो, सिस्टर."

कोयनेकडची एक गोष्ट तो स्वतःच सांगून हसायचा. एका घरात पंचा टाकून बसला, बाईला बसवलं, पाणी प्यायला आणि सांगायला तोंड उघडलं तोच जमीन हादरली. मांडणीवरची भांडी खणखणली. चाचा पंचा तिथंच टाकून अंगणात. बाई जागची हलली नाही. धरणाच्या माणसांना त्याचं काय! आतूनच तिनं हाक मारली, "या चाचा आत. ह्ये रोजचंच हाय. आता तुमी बसा, आनी काय सांगायचं ते सांगा. त्ये काय रोजचं नसंल." चाचा म्हणायचा, माझ्या आयुष्यात मला बसवून ऐकणारी तेवढी एकच बाई.

मी निवृत्त झाले, नातवंडं झाली, गुडघे गेले. चाचा ट्रस्टच्या कृपेनं मुदतवाढीवर टिकून होता. आणि मग दवाखान्यात यंत्र आलं.

यंत्र म्हणजे मोबाईलच. त्याला पुढं एक दिवा चिकटवलेला. तोंडाचे आतून चार बाजूंनी फोटो काढायचे, आणि फोनच सांगायचा, हिरवा की लाल. हिरवा म्हणजे घरी जा. लाल म्हणजे संशय आहे, तुकडा तपासायला दवाखान्यात या. हे सगळं चालवणारी डॉक्टरीण पुण्याची, मला आजी म्हणायच्या वयाची, गुणी पोर. गावोगावच्या शिबिरांत फॉर्म भरायला माणसं हवी होती, म्हणून तिनं मला बोलावलं. मी लगेच गेले. घरी नातवाची शाळेची चित्रवही रंगवण्यापेक्षा बरं.

पहिलं शिबिर सांगलीतल्याच एका हळदीच्या वखारीत झालं. हळद निवडणाऱ्या बायका रांगेनं आल्या, आपापल्या बोटांनी गाल ओढून धरून फोटो काढून घेतले. पहिली लाल. दुसरी लाल. सातवी लाल निघाल्यावर डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. "एकाच वखारीत इतक्या?" तिनं वरिष्ठांना फोन लावायला घेतला.

चाचा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हात बगा की त्यांचं."

सगळ्या बायकांचे हात कोपरापासून नखापर्यंत पिवळेधमक. त्याच बोटांनी गाल ओढलेले. तोंडात आत हळदीचे पट्टे.

"चुळा भरू द्या. आनी गाल तुमी हातमोजं घालून धरा," चाचा म्हणाला. रांगेतली एक आगाऊ बाई म्हणाली, "आवं चाचा, मसाला लावून फोटू काढला तर त्ये यंत्र घाबरंल न्हाईतर काय!" सगळी वखार हसली. चुळा भरल्यावर एकेक करून सगळ्या हिरव्या झाल्या.

एक सोडून. तिचा लाल तो लालच. आमच्या मोठ्या सर्जननी टॉर्च लावून बघितलं, त्यांना काही दिसलं नाही. तरी तुकडा काढला, आणि अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला. महिन्याभरात ती बरी होऊन वखारीत परत. तेव्हापासून चाचा त्या फोनकडं मानानं बघायचा. "डोळा लय बारीक हाय ह्येचा. मला जन्मात दिसलं नसतं ते." त्याचं यंत्राशी काही वाकडं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी माणसं, मोबाईलवर राग.

पण यंत्र नुसतं बघून थांबत नव्हतं. लाल निघालं की पेशंटच्या नंबरवर आपोआप मेसेज जायचा, आणि आमच्या स्क्रीनवर त्या नावापुढं रकान्यात उमटायचं, "रुग्णास कळविले: होय." मग चाचानं कशाला हिंडायचं? त्याला तळघरात बसवलं, जुने केसपेपर यंत्रात घालायच्या कामाला. दर शनिवारी मात्र तो वर यायचा, लाल निघून न आलेल्यांची यादी मागायचा आणि स्वतःच्या फोनवरून एकेक नंबर लावायचा. कुणी सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी त्याचा मला घरी फोन. "सिस्टर, पाटणच्या शिबिरातल्या एका पोरीचा नंबर तीन आठवडं लागत न्हाई. संपर्काच्या भाईर म्हणतोय. फॉर्म तुमच्या अक्षरात हाय."

नाव सांगितल्याबरोबर ती डोळ्यांपुढं आली. सुवर्णा. तिशीच्या आतली, सासूबरोबर मशेरी लावायची सवय. नंबर विचारल्यावर न अडखळता, कविता म्हणावी तसा म्हणून दाखवला होता. मला कौतुक वाटलं, मी तो सुबक अक्षरात लिहिला. तुझाच ना, एवढं विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

आता तुम्हीच सांगा, स्वतःचा नंबर कुणाला पाठ असतो? आपण आपल्याला कधी फोन लावतो? तिला पाठ होता तो नवऱ्याचा, हे पुढं तिच्या घरी कळलं. आणि नवरा फौजेत, कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावरच्या चौकीत, जिथं महिनोन्‌महिने फोनला रेंज नसते. तिचा मेसेज तिकडं गेला होता. आमच्या स्क्रीनवर "कळविले: होय." मेसेज जाऊन दोन महिने झाले होते.

बाविसाव्या वर्षी वहीत खूण करून पुढं वळलेली ती टोपीवाली आठवली. मला वाटलं होतं, ती कधीच मेली. कुठली मरतेय! केस पिकवून फॉर्म भरत बसली होती.

चाचा म्हणाला, "मी सोमवारी जातोय." मी म्हटलं, "मीही येते." तो म्हणाला, "गुडघं?" मी म्हटलं, "तुमचे कुठं धड आहेत!"

सांगलीहून कराड, कराडहून पाटण, तिथून वडापच्या जीपमध्ये चौदा माणसांत कोंबून, आणि शेवटी वस्तीपर्यंतची चढण. दोघंही तीनदा थांबलो. चाचाच्या निवृत्तीला महिना उरला होता. एका दगडावर टेकून तो म्हणाला, "सिस्टर, आजवर किती घरं केली ठाऊक न्हाई. पन आता दार बगितलं की पाय मागं वडतोय." हे तो पहिल्यांदाच बोलला. मी नुसती धापा टाकत होते.

सुवर्णा अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. आम्हाला बघून उठली. मी सवयीनं पांढरी साडी नेसलेले. चाचा घामाघूम, टोपी हातात. त्यानं नेहमीसारखा पंचा झटकला, खाली टाकला, बसला आणि मान वर करून म्हणाला, "पोरी, आदी बस."

तिचा चेहरा कसा झाला ते मला अजून सांगता येत नाही. तिनं मागं सरकून दाराची चौकट धरली.

"न्हाई बसनार," ती म्हणाली. "उभ्यानंच सांगा. हायत का न्हाईत?"

चाचाला कळेना. मलाही क्षणभरानं कळलं. आत सासूनं किंचाळून देवाचं नाव घेतलं. फौजीच्या घरात दोन अनोळखी माणसं दारात येऊन "आधी बसा" म्हणाली, तर त्याचा अर्थ एकच असतो. त्या वस्तीवर एका घरात पूर्वी असंच झालं होतं. आधी बसवलं होतं, मग सांगितलं होतं.

चाळीस वर्षं माणसांना बसवणारा चाचा ताडकन उठला. गुडघ्यांसकट उठला. उभ्यानं, मोठ्यांदा म्हणाला, "हायत! तुझं मालक खुशाल हायत! आमी दवाखान्यातनं आलोय, सांगलीच्या. तुझ्यासाठी आलोय. तुझ्या तोंडात गाठीचा संशय हाय. कॅन्सरचा. त्येच्यासाठी."

ती चौकट धरून तशीच उभी. मग तिच्या तोंडातून जे आलं ते हसू होतं.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "आवं, मग आदी सांगायचं न्हाई का! जीव घेतलासा की माझा. च्या ठेवते."

आणि ती चहा ठेवायला आत गेली. चाचा अंगणात उभाच होता. त्याचा पंचा खाली पडला होता, त्यावर एक कोंबडी आली.

खरी लढाई चहानंतर सुरू झाली. एवढं मोठं संकट टळल्यावर हे तिला संकटच वाटेना. मालक दिवाळीला सुट्टीवर येतील, तेव्हा बघू म्हणाली. दिवाळीला चार महिने होते. चाचानं तिला तोंड उघडायला लावलं, माझा टॉर्च घेऊन बघितलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. मीही बघितलं. आता यंत्राची गरज नव्हती. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

सासू शहाणी. ती आमच्या तोंडाकडं बघत होती, टॉर्चकडं नाही. म्हणाली, "उद्या निघतो आमी. पन पोराला ह्यातलं काय कळवायचं न्हाई. त्यो तितं बंदूक घिऊन उभा हाय. डोकं थाऱ्यावर पायजे त्येचं."

"आवं, त्येला कळवून झालंय," चाचा म्हणाला.

चाचानं सांगितलं, की मेसेज दोन महिन्यांपूर्वीच सुटलाय. तो डोंगरावरून कधीतरी खाली उतरेल, फोनला रेंज येईल आणि त्याच्या खिशात तो वाजेल. सुवर्णा यांच्या तोंडात कॅन्सरचा संशय, त्वरित संपर्क करा. दोन ओळी. पुढं मागं कुणी नाही.

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. ती पोर रडवेली झाली. "आजी, गेलेला मेसेज परत घेता येत नाही हो."

सुवर्णाचा हसरा चेहरा तेव्हा उतरला. स्वतःच्या आजारानं नाही उतरला तो ह्यानं उतरला. "त्यास्नी असं एकट्याला नगो कळाया," ती म्हणाली. "रेंज नसली तरी चिठ्ठी जाती तितं."

खरंच की. फौजेचं टपाल खेचरावरून का होईना, वर जातं. ती शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मुलाच्या वहीतलं पान फाडून लिहायला बसली. पहिली ओळ सवयीनं लिहिली, "इकडील सर्व खुशाल आहे." मी म्हटलं, "अगं, खुशाल कसं? आता काय लिहायचंय ते माहितेय ना?"

"ऱ्हाऊ द्या, सिस्टर," चाचा म्हणाला. "पैल्या ओळीत माणूस जित्ता दिसला पायजे. आज शिकलो मी ह्ये." मग तिला म्हणाला, "खाली लिव, मी सवता चालत दवाखान्यात निघाले हाय. संगं तुमची आय हाय. चहा पिऊन निघाले म्हनून लिव."

ते पत्र आम्ही पाटणच्या पोस्टात टाकलं. परतीच्या एसटीत चाचा पंचा मांडीवर घेऊन बसला. कराड गेल्यावर म्हणाला, "सिस्टर, चाळीस वर्सं मी किती फौजींच्या घरात असं म्हणालो आसंन?" मी खिडकीबाहेर बघितलं. मोठ्ठं ऊन होतं.

सुवर्णाचं ऑपरेशन झालं. गाल आणि जबड्याचा तुकडा गेला. दोन महिने आधी आली असती तर जबडा वाचला असता, असं सर्जन म्हणाले. ते माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत, पण मी ऐकलं.

त्याच सुमारास दिल्लीहून एक मसुदा आला. कॅन्सरच्या उपचारांत कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरायची, त्याचं देशभरासाठीचं धोरण ठरत होतं आणि सूचना मागवल्या होत्या. आमच्याकडं यंत्र असल्यामुळं आमच्याही दवाखान्यानं सूचना पाठवायच्या होत्या. बैठक बसली. मसुदा चांगला होता, उगीच नावं ठेवणार नाही. यंत्र फक्त सल्ला देईल, निर्णय डॉक्टरचा. पेशंटची माहिती कुणाला विकायची नाही. खेड्यातली तोंडंसुद्धा यंत्राला दाखवा, नुसती शहरातली नको. मी मान डोलवत होते, मधूनमधून डुलकीही होती. मी हट्ट धरला म्हणून चाचालाही बोलावलं होतं. तो दाराजवळच्या खुर्चीत होता.

अध्यक्षांनी सौजन्य म्हणून विचारलं, "चाचा, तुमची काही सूचना?"

"एकच हाय," चाचा म्हणाला. "पाठवला आनी कळवला, ह्ये दोन रकानं येगळं करा. दुसऱ्यात माणसाचं नाव लिवा. ज्यानं सांगितलं त्येचं."

यंत्राच्या कंपनीकडून आलेला गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाला, "चाचा, कल्पना छान आहे. पण आख्ख्या देशात सांगायला एवढी माणसं आणायची कुठून?"

"ते मला न्हाई ठावं, साहेब. रकाना रिकामा ऱ्हाईल. पन रिकामा हाय, ह्ये तरी दिसंल. आता तितं होय दिसतंय."

मग सूचना टंकून झाल्या. चाचाच्या वाक्याचं त्यात "रुग्णसंवाद अधिक बळकट करावा" असं झालं. डॉक्टरीणबाईंनी ईमेल पाठवला आणि लगेच उत्तर आलं, आपली सूचना प्राप्त झाली आहे, आभारी आहोत. चाचानं ते वाचून घेतलं आणि मला विचारलं, "कुनी वाचली?" मी म्हटलं, "आपोआप येतं ते." "व्हय का," तो म्हणाला, आणि चपला घालायला लागला.

महिनाअखेरीस तो निवृत्त झाला. श्रीफळ, शाल, फोटो. शिरवळला त्याची मुलगी कारखान्यात काम करते, तिच्याकडं राहायला गेला. जाताना मला म्हणाला, "सिस्टर, आता कुनाच्या दारात जायाचं न्हाई. झोप लागंल बहुतेक." मी म्हटलं, "गादी चाचपून बघा आधी." हसला. त्याच्या जागी कुणी आलं नाही.

दिवाळीला सुवर्णाचा नवरा तिला तपासणीला घेऊन आला. उंच, उन्हानं रापलेला. मी धीर करून विचारलं, "आधी काय मिळालं? पत्र की मेसेज?"

"पत्र," तो म्हणाला. "आवं, तीन दिवस पैल्या ओळीच्या पुढं वाचलंच न्हाई नीट. खुशाल हाय म्हनल्यावर घडी घालून खिशात ठिवलं. मग निवांत वाचलं, तवा खाली बसलो." मग म्हणाला, "मेसेज कंचा?"

त्यानं फोन काढला. दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही तिघांनी शोधला. रिचार्जच्या जाहिराती, बँकेचे निरोप, कसल्या कसल्या सवलती. त्या ढिगात खूप खाली तो सापडला. ठळक अक्षरात, न उघडलेला.

त्यानं चाचाला भेटायचं म्हटलं. मी शिरवळचा पत्ता दिला. सुवर्णा बोलायला गेली, पण जबड्यामुळं शब्द नीट उमटत नाहीत आता. नवऱ्यानं वाकून कान दिला आणि मला सांगितलं, "ती म्हनती, चहाला जातोय म्हना."

डॉक्टरीणबाई मनाची चांगली. दिल्लीचं काही कळायच्या आत तिनं आमच्या दवाखान्यापुरता तो दुसरा रकाना करून घेतला आहे. "कोणी कळवले." परवा फॉर्म द्यायला गेले तेव्हा तिनं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. वरच्या ओळींत चाचाचं नाव होतं, शेवटच्या महिन्यातलं. मग मी खाली सरकवत गेले. पाठवला, पाठवला, पाठवला. शेजारी कोरं. खूप खाली, पाटणच्या पलीकडच्या एका वस्तीच्या नावापुढं, एकदाच, सुवर्णा असं लिहिलेलं होतं.

"ही बोलली कशी?" मी विचारलं.

"तिनं जाऊन आपला गाल दाखवला म्हणे," डॉक्टरीण म्हणाली. "ती बाई दुसऱ्या दिवशी आली."

त्याच्या खाली परत कोरं. मी शेवटापर्यंत गेले नाही. डोळे दुखत होते, आणि बाहेर नंबर लावून माणसं थांबली होती.